पाणचक्कीचा पूर्ववृत्तांत

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणपुस्तिकेंत मंदिराचा व येथील ख्रिस्ती मंडळीचा इतिहास इतर लेखकांनीं यथास्थित दिलाच आहे. त्याची पुनरुक्ति करण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं. ज्या एका वस्तूवांचून मंदिरांतील वेदी व घरांतील चूल या दोन्ही रित्या राहतात, त्या वस्तूकडे, म्हणजे पिठाकडे, वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हीं योजिलें आहे. वेदीवरील भाकर गव्हाच्या पिठाची. आपल्या बीड जिल्ह्यांतील चुलीवरील भाकर ज्वारीच्या पिठाची. दाणा दळल्यावांचून दोहोंपैकीं एकही सिद्ध होत नाहीं. तो दाणा कोणीं दळला, कोणत्या शक्तीनें दळला, आणि दळण्याचा हक्क कोणाचा मानला गेला, हा इतिहास राजेरजवाड्यांच्या लढायांहून कमी महत्त्वाचा नाहीं. लढाई कधीं काळीं होते. दळण रोजचें असतें.

हल्लीं बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोदा, आष्टी, केज व बीड या तालुक्यांत, उंच पांढऱ्या खांबांवर तीन पात्यांच्या पवनचक्क्या फिरतांना दिसतात. लहान मुलें विचारतात कीं, एवढ्या मोठ्या चक्कींतून पीठ कोठें पडतें? प्रश्न मुलांचा असला तरी तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. चक्की म्हटली कीं पीठ आलें पाहिजे, आणि तें कोणाच्या तरी ताटांत पडलें पाहिजे, ही समजूत फार जुनी आहे. तिचें मूळ शोधूं गेल्यास आपणांस आपल्याच मुलखांतील एका जुन्या चक्कीकडे जावें लागतें. ती चक्की वाऱ्यावर नव्हे, पाण्यावर चालत असे; आणि ज्या शहरांत आपल्या बिशप महोदयांचें आसन आहे, त्या पूर्वींच्या औरंगाबादेंत, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, खाम नदीच्या कांठीं ती आजही उभी आहे. तिचा वृत्तांत सांगण्यापूर्वीं तिच्या आईचा, म्हणजे घरच्या जात्याचा, वृत्तांत सांगणें ओघानेंच येतें.

जातें म्हणजे दगडाच्या दोन तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीच्या तोंडांतून मूठमूठ दाणे वैरावयाचे, खुंटा धरून ती फिरवावयाची, आणि धार बोथट झाली म्हणजे पाथरवटाकडून टांकी मारून घ्यावयाची. यंत्र एवढेंच. तें चालविणारी शक्ति म्हणजे घरांतील स्त्री. कोंबडा आरवण्यापूर्वीं उठावें, दिवसाच्या भाकरीपुरतें दळावें, मग पाणी, मग शेणगोठा, मग चूल आणि मग शेत, असा तिचा क्रम असे. ज्वारीचें पीठ शिळें झालें कीं त्याची विरी जाते व भाकर थापतांना तुटते; म्हणून आठवड्याचें एकदम दळून ठेवावें, ही सोय तिला नव्हती. पिढ्यानपिढ्या आपल्या आयाआज्यांच्या तळहातांवर जे घट्टे पडले, ते या एका कारणानें पडले.

हें कष्टाचें काम गाण्यावांचून निभत नसे. गोदावरीच्या कांठच्या गंगाखेडची जनाबाई ही संत नामदेवांच्या घरची दासी. तिच्या जात्याशीं प्रत्यक्ष विठ्ठल दळावयास बसला, ही कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? ती कथा आपल्या उपासनेंतील नव्हे; परंतु देव राजवाड्यापेक्षां दासीच्या जात्यापाशीं लौकर भेटतो, हा तिचा भाव ख्रिस्ती मनुष्यास परका वाटण्याचें कारण नाहीं. अलीकडच्या काळांत गी पॉइटव्हाँ व हेमा राईरकर या पुण्याच्या अभ्यासक दांपत्यानें आपल्या सहकाऱ्यांसह गांवोगांव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. त्यांत आपल्या जिल्ह्याचाही वांटा आहे. १९९६ सालीं माजलगांवच्या भीमनगरांतील स्त्रियांनीं गायिलेल्या ओव्या त्यांनीं ध्वनिमुद्रित केल्या; त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयींची कृतज्ञता गायिलेली आहे. जिच्या हातीं पाटी-लेखणी कोणीं दिली नाहीं, तिनें आपला इतिहास जात्याच्या घरघरींत सांभाळून ठेवला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

पवित्र शास्त्रांतही जातें वारंवार भेटतें. मोशेच्या नियमशास्त्रांत अशी आज्ञा आहे कीं, कर्जापोटीं कोणाचें जातें किंवा त्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊं नये; कारण तसें करणें म्हणजे त्या मनुष्याचा जीवच गहाण ठेवणें होय. सावकारी म्हणजे काय हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास या आज्ञेचें मर्म निराळें समजावून सांगावयास नको. बैल न्यावा, भांडीं न्यावीं, पण जातें नेऊं नये. बलाढ्य शमशोन शत्रूच्या हातीं सांपडला, तेव्हां त्याचे डोळे काढून त्यास गज्जा येथील बंदिखान्यांत दळावयास लावलें. म्हणजे दळणें हें काम किती हलकें समजलें जाई, तेंही त्याच ग्रंथांत दिसतें. आणि प्रभूनें अखेरच्या दिवसाचें वर्णन करतांना दाखला कोणाचा घेतला, तर एका जात्यावर दळीत बसलेल्या दोन स्त्रियांचा. जें काम जग हलकें मानीत होतें, तेंच त्यानें न्यायाच्या दिवसाचें चित्र म्हणून निवडलें.

या कामांतून स्त्रीची सुटका करण्याची पहिली मोठी युक्ति म्हणजे पाण्याची चक्की. ख्रिस्तजन्माच्या सुमारास भूमध्यसमुद्राच्या भोंवतालच्या देशांत ती प्रचारांत आलेली दिसते. रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हियस यानें दांतेरी चाकांनीं फिरणाऱ्या अशा चक्कीचें वर्णन करून ठेवलें आहे. त्याच सुमाराचा अँटिपेटर नांवाचा एक ग्रीक कवि दळणाऱ्या दासींस उद्देशून सांगतो कीं, आतां कोंबडा आरवला तरी खुशाल निजून राहा, तुमच्या हातांचें काम जलदेवतांस नेमून दिलें आहे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या दासी आणि आपल्या खेड्यांतील सासुरवाशिणी यांचें दुःख एकच होतें, एवढें त्या लहानशा कवितेवरून कळतें.

पुढें सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं मठवासियांकरितां नियमावली लिहिली. तिच्या ६६ व्या प्रकरणांत त्यांनीं असें सुचविलें आहे कीं, शक्य तर मठाच्या आवारांतच पाणी, चक्की व मळा असावा, म्हणजे संन्याशांस बाहेर भटकण्याचा प्रसंग येणार नाहीं. यूरोपांत जेथें जेथें मठ गेला, तेथें तेथें चक्कीही गेली. प्रार्थनास्थळ, पाठशाळा, धर्मशाळा, पाण्याचा पाट आणि चक्की हीं एकाच भिंतीच्या आंत नांदूं लागलीं. हें पंचक वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें आपणांस दख्खनमध्यें, अगदीं निराळ्या धर्माच्या आवारांत, पुन्हां भेटणार आहे.

दख्खनमध्यें पाण्याची चक्की चालवावयाची तर आधीं पाणी आणावयास हवें. आपला प्रदेश अवर्षणाचा. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा या नद्या पावसाळ्यांत धांवतात आणि वैशाखांत वाळूच्या रेघा होऊन पडतात. तेव्हां जमिनीवरच्या पाण्यावर विसंबून न राहतां, जमिनीच्या पोटांतील पाणी भुयारांनीं व नळांनीं, केवळ उताराच्या जोरावर, दूरवर वाहून नेण्याची विद्या येथें जोपासली गेली. तिचा उत्तम नमुना आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणींच आहे. बीड शहराच्या दक्षिणेस कांहीं किलोमीटरांवर, सोलापूरच्या रस्त्याजवळ, खजाना बावडी आहे. निजामशाही राजवटींत, मुर्तझा निजामशहाच्या काळीं, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानें १५८२ सालीं ती बांधविली. कारागीर म्हणून राजा भास्कर याचें नांव सांगितलें जातें. विहीर फारशी खोल नाहीं. तिची खुबी खोलींत नसून तिच्या भुयारी वाटांत आहे. दोन वाटांनीं पाणी विहिरींत येतें आणि तिसरीनें तें बाहेर पडून शेतांकडे जातें. मोट नाहीं, बैल नाहीं, रहाट नाहीं. उतार एवढाच तिचा गडी. मोठमोठ्या दुष्काळांतही या बावडीचें पाणी तुटलें नाहीं, अशी तिची ख्याति आहे.

हीच विद्या पुढें मलिक अंबरानें मोठ्या प्रमाणावर वापरली. या पुरुषाचें चरित्र चमत्कारिक आहे. १५४८ च्या सुमारास तो आफ्रिकेंतील हबसाणांत जन्मला. लहानपणींच गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार पाहत दख्खनेंत आला. आणि अखेर निजामशाहीचा सूत्रधार होऊन मोंगल बादशहांस पंचवीस वर्षें जेरीस आणून १६२६ सालीं मरण पावला. १६१० सालीं त्यानें खडकी येथें शहर वसविलें. तेथील लोकांस पाणी मिळावें म्हणून त्यानें भुयारी नहर खोदविली, ती 'नहर-ए-अंबरी' या नांवानें प्रसिद्ध आहे. जो स्वतः बाजारांत विकला गेला होता, त्यानें पाणी मात्र विकावयास न ठेवतां नळांनीं चौकाचौकांत आणून सोडलें, ही गोष्ट त्याच्या सर्व लढायांहून आम्हांस मोठी वाटते. १६५३ नंतर औरंगझेबानें या शहरास आपलें नांव दिलें. नहर मात्र अंबराच्याच नांवाची राहिली. तिच्या मागोमाग त्या शहरांत आणखी कित्येक नहरी झाल्या, आणि त्यांपैकीं एका नहरीच्या शेवटीं पाणचक्की उभी राहिली.

पाणचक्कीची जागा मूळची एका फकिराची. बुखाऱ्याजवळील गिझदुवान गांवचा शाह मुसाफिर नांवाचा नक्शबंदी पंथाचा साधु औरंगझेबाच्या काळीं येथें येऊन राहिला. त्याचे गुरु बाबा पलंगपोश हे मोंगलांच्या फौजेबरोबर हिंडत. शिष्यानें मात्र नदीकांठीं एका जागीं तकिया मांडला. मध्य आशियांतून नशीब काढण्यास दख्खनेंत आलेले शिपाई, आजारी, निराधार व वाटसरू त्याच्या आश्रयास येत, आणि त्यांच्या पोटाची सोय तकियांतून होई. शाह मुसाफिर १७१५ च्या सुमारास वारला. त्याचा उत्तराधिकारी शाह महमूद यानें जागेचा विस्तार केला व दोघां गुरूंच्या आठवणी एका फारसी ग्रंथांत लिहून ठेवल्या. त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर सायमन डिग्बी या विद्वानानें २००१ सालीं प्रसिद्ध केलें. निजामुल्मुल्क आसफजाह याच्या पदरचा सरदार तुर्कताझखान यानें येथील पुष्कळशा इमारती बांधून दिल्या, आणि पुढें जमील बेगखान यानें कारंज्यांचा लांबट हौद करून दिला. अशा रीतीनें मशीद, मदरसा, सराई, पाण्याची नहर आणि चक्की हीं सर्व एका आवारांत आलीं. संत बेनेडिक्टांच्या नियमांतील पंचकाची आठवण येथें कोणास होणार नाहीं? एकानें दुसऱ्याचें पाहून केलें असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें प्रार्थनेबरोबर भुकेल्यास अन्न देण्याचें व्रत घेतलें जातें, तेथें चक्की आपोआप येते, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे.

आतां तिची रचना पाहूं. शहराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूस, सुमारें ८ किलोमीटरांवर, नदीच्या पात्रालगत एक विहीर आहे. तेथून जमिनीखालून मातीच्या भाजलेल्या नळांवाटे पाणी शहराकडे निघतें. मधूनमधून दगडी मनोरे बांधले आहेत. पाणी नळांतून मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत चढतें, तेथें नळांत कोंडलेली हवा सुटते, आणि पाणी दुसऱ्या बाजूनें उतरून पुढील वाटेस लागतें. हवा कोंडली तर नळ फुटतो, आणि जोर कमी पडला तर पाणी थबकतें. या दोहोंचा तोल कारागिरांनीं कोणत्याही आधुनिक उपकरणावांचून साधला. पाणचक्कीशीं आल्यावर पाणी एका उंच भिंतीच्या माथ्यावर चढवून तेथून खालीं सोडलेलें आहे. चक्कीच्या खोलीखालीं पात्यांचें चाक आडवें बसविलेलें, चाकाच्या मधोमध उभा लोखंडी कणा, आणि कण्याच्या शेंड्यावर जात्याची वरची तळी. पाण्याचा झोत पात्यांवर आदळला कीं चाक फिरे, कणा फिरे व तळी फिरे. वरून दाणा पडे, कडेनें पीठ झडे. घरच्या जात्यांत व या चक्कींत तत्त्वाचा भेद कांहींच नाहीं. खुंटा धरणारा हात तेवढा बदलला.

पाण्याचें काम येथेंच संपत नसे. चक्की फिरविलेलें पाणी हौदांत साठे, कारंजीं उडवी, नमाजापूर्वीं हातपाय धुण्यास उपयोगी पडे, आणि उरलेलें खाम नदींत जाई. मोठ्या हौदाखालीं खांबांवर उभारलेलें एक दालन आहे. हौदाचा तळ तेंच दालनाचें छत. भर उन्हाळ्यांत तेथें गारवा असतो, म्हणून वाटसरू व विद्यार्थी तेथें विसांवा घेत. एकाच पाण्यानें दळण, स्नान, शोभा आणि थंडावा अशीं चार कामें करून घ्यावयाचीं व मगच त्यास नदीकडे सोडावयाचें, ही काटकसर दुष्काळी मुलखाच्या लोकांसच सुचावी. या चक्कीचें पीठ तकियांतील फकीर, यात्रेकरू, विद्यार्थी व अनाथ यांच्या मुखीं जाई. फौजेच्या शिपायांसाठींही येथें दळण होत असे, असें सांगतात.

अशी ही चक्की मंद कशी झाली? तिचें वैभव दोन गोष्टींवर अवलंबून होतें: दूरची विहीर आणि मधला नळ. नळ जमिनीखालीं असल्यामुळें तो डोळ्यांआड. आणि जें डोळ्यांआड असतें, त्याची डागडुजी मागें पडते. शहर वाढलें, नळांवर घरें व रस्ते आले, कोठें झाडांच्या मुळ्या शिरल्या. दुसरीकडे विसाव्या शतकांत इंजिनावर व पुढें विजेवर चालणारी पिठाची गिरणी गल्लोगल्लीं निघाली आणि पाण्याच्या चक्कीची गरजच उरली नाहीं. आज पाणचक्की हें प्रेक्षणीय स्थळ आहे. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचें मुख्य कार्यालयही त्याच आवारांत आहे. लोक येतात, पाण्याच्या धारेखालीं छायाचित्रें काढतात व जातात. भुकेल्यांसाठीं दळणारी चक्की आतां पाहणारांसाठीं उरली आहे. तिला दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. जिचें काम संपलें ती वस्तु आठवण म्हणून तरी टिकली, हेंही थोडें नव्हे.

येथवर चक्कीची उजळ बाजू आम्हीं सांगितली. इतिहास लिहावयाचा तर दुसरीही बाजू सांगितली पाहिजे, आणि ती सांगतांना आपल्याच घरांतील उदाहरण घेणें बरें. यूरोपांत चक्की ही जमीनदाराच्या व मठाधिपतीच्या हातीं गेली, तेव्हां तिच्याबरोबर दळणाचा मक्ताही गेला. रयतेनें मालकाच्याच चक्कीवर दळावें व दळणावळ म्हणून पिठाचा हिस्सा द्यावा, असा दंडक पडला. घरच्या जात्यावर दळणें हा गुन्हा ठरला. इंग्लंडांत सेंट ऑल्बन्स येथील मठाधिपतीनें चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नगरवासीयांचीं जातीं जप्त केलीं आणि त्यांच्या तळ्या मठाच्या एका दालनाच्या फरशींत बसवून टाकल्या. लोक तें विसरले नाहींत. १३८१ सालीं रयतेचें मोठें बंड झालें, तेव्हां ते मठांत शिरले, त्यांनीं ती फरशी उखडली, तळ्यांचे तुकडे केले आणि ते आपसांत वांटून घेतले. रविवारीं मंदिरांत आशीर्वादित भाकर वांटतात तसे वांटले, असें त्या मठाच्याच बखरकारानें लिहून ठेवलें आहे. ज्या नियमशास्त्रानें जातें गहाण घेऊं नये म्हणून सांगितलें, तें रोज वाचणाऱ्यांच्याच हातून हें घडलें. धर्माचा झगा अंगावर असला म्हणजे लोभ आपोआप गळून पडत नाहीं, हें आम्हां धर्मगुरूंनीं तरी विसरतां कामा नये.

वाऱ्याच्या चक्कीची कथा याच वळणानें गेली. वाऱ्यावर धान्य दळण्याची युक्ति प्रथम इराणच्या पूर्वेकडील सीस्तान प्रांतांत निघाली. दहाव्या शतकांतील अरब ग्रंथकार मसऊदी तिचा उल्लेख करतो. त्या चक्कीचीं पातीं उभ्या कण्याभोंवतीं, दरवाजा फिरावा तशीं, फिरत. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंड, फ्लँडर्स इत्यादि देशांत आडव्या कण्याची निराळी पवनचक्की दिसूं लागली. ती दिसतांच प्रश्न उभा राहिला: नदी कोणाच्या तरी हद्दींतून वाहते, म्हणून पाण्यावर मालकी सांगतां येते, वारा कोणाचा?

या प्रश्नाचा एक खटका ११९१ सालीं बरी सेंट एडमंड्स येथें उडाला, व त्याची हकीकत जोसेलिन नांवाच्या तेथील मठवाशानें लिहून ठेवली आहे. हर्बर्ट नांवाच्या एका वृद्ध धर्माधिकाऱ्यानें आपल्या जमिनीवर एक पवनचक्की उभारली. मठाधिपति सॅमसन यास हें कळतांच त्याचा क्रोध अनावर झाला व चक्की पाडून टाकण्याचा हुकूम सुटला. हर्बर्टचें म्हणणें असें कीं, वारा सर्वांस मोकळा आहे, त्याचा उपयोग कोणासही नाकारतां येणार नाहीं; शिवाय आपण आपलेंच धान्य दळणार आहों. मठाधिपतीचें म्हणणें असें कीं, आज तूं तुझें दळशील, उद्यां नगरांतील लोक तुझ्याकडे येतील आणि आमच्या चक्क्या ओस पडतील. हर्बर्टनें मठाचे लोक येण्यापूर्वींच आपल्या हातानें चक्की पाडून टाकली. त्याच दशकांत परमगुरु तिसरे सेलेस्टीन यांजपुढें असा वाद आला कीं, पवनचक्कीच्या उत्पन्नाचा दशांश धर्मकार्यास द्यावा किंवा कसें. आणि द्यावा, असा त्यांनीं निर्णय दिला. या निर्णयाच्या मागें एक विचार दिसतो. वारा देवाचा, त्यापासून जो मिळवितो, त्यावर इतरांचेंही कांहीं देणें लागतें. सॅमसननें आपलें उत्पन्न पाहिलें. सेलेस्टीन यांच्या निर्णयानें मिळकतीबरोबर येणारें देणें दाखविलें.

आपल्या दख्खनेंत दळणाची पवनचक्की रुजली नाहीं, याचीं कारणें उघड आहेत. येथें वारा सुटतो तो मुख्यत्वेंकरून ज्येष्ठ ते श्रावण. रोजचें दळण मात्र बाराही महिने हवें. शिवाय घरोघर जातें होतें, आणि तें फिरविणारी स्त्री मजुरी मागत नव्हती. जेथें कष्ट फुकट मिळतात, तेथें यंत्र लौकर येत नाहीं, हा कटु नियम येथेंही खरा ठरला. खेड्यांत इंजिनाची गिरणी आली, तेव्हां पुरुषांनीं गिरणीच्या पिठास चव नाहीं म्हणून नाक मुरडलें. स्त्रियांनीं मात्र दळणाचे डबे डोक्यावर घेऊन आनंदानें रांग लावली. त्यांच्या हातांचे घट्टे त्यांसच ठाऊक होते.

आतांची पवनचक्की दळीत नाहीं. ती वीज निर्माण करते. महाराष्ट्रांत या कामाचा आरंभ १९९४ सालीं सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील देवगडजवळ जामसंडे येथें झाला. पुढें साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर शेंकडों चक्क्या उभ्या राहिल्या. आणि नंतर त्या आपल्या बालाघाटावर आल्या. कोळसा जाळल्यावांचून, धूर केल्यावांचून, पाण्याचा थेंब न आटवितां वीज मिळते, ही गोष्ट दुष्काळी जिल्ह्यास वरदानच होय. परमगुरु फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या आपल्या परिपत्रांत पृथ्वी हें सर्वांचें समाईक घर आहे असें शिकविलें व जळणाऱ्या इंधनाऐवजीं अशा अक्षय्य शक्तींकडे वळण्यास सांगितलें. त्या दृष्टीनें या चक्क्यांचें स्वागतच केलें पाहिजे.

परंतु बरी सेंट एडमंड्सचा जुना प्रश्न आपल्या माळावर नव्या वेषानें आला आहे. कोरडवाहू माळ, ज्यास कालपर्यंत कोणी विचारीत नव्हतें, त्यास एकदम किंमत आली. जमिनीचे करार झाले. कित्येक शेतकऱ्यांस चार पैसे मिळाले, कित्येकांत बांधावरून व वाटेवरून भाऊबंदकी माजली. पैशाच्या वासानें दांडगाईही आली. ९ डिसेंबर २०२४ रोजीं केज तालुक्यांतील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचें अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यांत आली. पवनऊर्जेचें काम करणाऱ्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीस आड आल्यामुळें ही हत्या झाली, असें तपासयंत्रणेनें न्यायालयापुढें मांडलें. न्याय करणें हें न्यायालयाचें काम आहे; त्याविषयीं आम्ही अधिक लिहीत नाहीं. परंतु त्या घटनेनें सारा जिल्हा हादरला, आणि फुकट वाहणाऱ्या वाऱ्यासाठीं मनुष्याचें रक्त सांडूं शकतें, हें आपण आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. चक्कीच्या इतिहासांत हें पान लिहावें लागेल, असें कोणास वाटलें नव्हतें.

या सर्व वृत्तांतावरून आम्हांस तीन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. पहिली ही कीं, कोणत्याही चक्कीची परीक्षा तिच्या उंचीवरून करूं नये. तिचें पीठ कोणाच्या ताटांत पडतें यावरून करावी. मुलांचा तो प्रश्न, पीठ कोठें पडतें, हाच खरा प्रश्न आहे. ज्या गांवच्या माळावर चक्की फिरते, त्या गांवचा शेतकरी रात्रीच्या पाळीस विजेची वाट पाहत विहिरीवर बसत असेल, तर कोठें तरी दशांश द्यावयाचा राहिला आहे असें समजावें. दुसरी गोष्ट ही कीं, पाणी व वारा यांवर पहिला हक्क गरजेचा, मागाहून मालकीचा. सलाबतखानाच्या बावडीनें व शाह मुसाफिराच्या चक्कीनें हें मुकाट्यानें पाळलें. सेंट ऑल्बन्सच्या मठानें तें मोडलें, व त्याची फरशी उखडली गेली. तिसरी गोष्ट ही कीं, ज्या नळाची काळजी कोणी घेत नाहीं तो आटतो. पाणचक्कीस शत्रूनें तोडलें नाहीं. जमिनीखालच्या नळाकडे झालेल्या दुर्लक्षानें ती मंदावली. धर्मग्रामाचेंही तसेंच आहे. मंदिराची भिंत सर्वांस दिसते व तिला रंग लावण्यास देणगी मिळते. परंतु घरोघरची प्रार्थना, शेजाऱ्याची विचारपूस व मुलांची शिकवण हे डोळ्यांआडचे नळ आहेत. ते तुंबले तर उत्सवाचीं कारंजीं फार दिवस उडणार नाहींत.

अखेरीस आमच्या धर्मबंधुभगिनींस कांहीं विनंत्या कराव्याशा वाटतात. बीडला गेलां तर खजाना बावडी अवश्य पाहावी, व तिच्यांत कचरा टाकूं नये आणि इतरांस टाकूं देऊं नये. जमिनीचा करार करावयाचा असेल तर तो घरांतील वडील माणसांसह, स्त्रियांसह, पुरता वाचून व जाणत्यास दाखवून मगच अंगठा किंवा सही करावी. घाईनें केलेला करार पुढें पिढ्यांस नडतो. आणि ज्यांच्या घरीं अद्याप म्हाताऱ्या आया आहेत, त्यांनीं त्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या या वर्षींच लिहून घ्याव्या. कित्येक घरांतील जातीं अंगणांत पालथीं पडलीं आहेत, कित्येकांच्या तळ्या पायरीस लागल्या आहेत. जुनी तळी पायरीस लावूं नका. तिनें या घराचें पोट भरलें आहे. तिला ओसरीच्या एका कोपऱ्यांत जागा द्या, आणि नातवंडांनीं विचारलें तर सांगा कीं, याच्यांतून पीठ पडत असे, आणि तें आपल्या सर्वांच्या ताटांत पडत असे.